इंद्रजितचं उष्टं

युरोपातल्या एका स्पर्धेत सात परीक्षकांनी चौदा नंबरच्या पिंपातली काळी बिअर चाखली आणि त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईंनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'आधी गूळ, मग नारळाची करवंटी, मग ओली भिंत. शेवटी रिकाम्या घरात दुपारी कुणीतरी वाट बघत बसल्याची चव. ती बराच वेळ जात नाही.' बाकीच्या सहा जणांनी नुसती मान हलवली. त्यांतले दोघे म्हणे नंतर बाहेर जाऊन घरी फोन करत होते.

बिअरला सुवर्णपदक मिळालं.

ही बिअर मुरली ती जागा तासगावच्या बाहेर आहे. बेदाण्याचं जुनं कोल्ड स्टोरेज. बेदाणा नव्या इमारतीत राहायला गेला आणि ही इमारत रिकामी पडली. मग पुण्याहून सानिका देवधर नावाची, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली बाई आली आणि तिनं तिथं एकशेवीस पिंपं आणून मांडली. पिंपं ओकच्या लाकडाची, एका डिस्टिलरीनं रम मुरवून झाल्यावर काढून टाकलेली. जुनं पिंप म्हटलं की गळती आली, आणि गळती आली की सुतार आला. इंद्रजित सुतार तसा आला.

वय त्रेचाळीस, लग्न नाही. त्याच्या वयाच्या मुलांची लग्नं जमायच्या वेळेला गावोगाव मुलीच मिळेनाशा झाल्या होत्या. शेती असली तर नोकरी पाहिजे, नोकरी असली तर पुण्यात पाहिजे, पुण्यात असली तर फ्लॅट पाहिजे आणि फ्लॅट असला तर त्यात सासू नको. इंद्रजितनं एकोणीस ठिकाणी पोहे खाल्ले. विसाव्या ठिकाणी फोनवरच सांगितलं, पोहे करायला सवड नाही. मग आई गेली आणि पोहे खायला सोबत यायलाही कुणी उरलं नाही. तो कोल्ड स्टोरेजच्या मागच्या खोलीत राहायला आला. तिथं बाहेर बेचाळीस डिग्री असलं तरी आत गार असायचं. एवढ्या थंडाव्याचं एकट्या माणसानं करायचं काय, हा प्रश्न वेगळा.

रमची पिंपंच का, हे सानिकानं त्याला पहिल्या आठवड्यात समजावलं होतं. ओकचं लाकूड आतून जाळून काढतात. जळलेल्या थराखाली लाकडातली साखर भाजली जाते, व्हॅनिलासारखे, नारळासारखे वास तयार होतात. रम त्या लाकडात अर्धं बोट आत मुरते. पिंप रिकामं केलं तरी तेवढी रम लाकडाच्या पोटात राहते. त्यात बिअर भरून वर्षभर ठेवली की ती लाकडाकडून हे सगळं हळूहळू मागून घेते. दोन-तीनदा असं झालं की लाकूड दमतं, देण्यासारखं काही उरत नाही.

"आणि लाकूड श्वास घेतं, दादा," सानिका म्हणाली होती. "दिवसा फुगतं, पहाटे आकसतं. तेवढ्यात थोडी बिअर उडून जाते, थोडी हवा आत येते. हवा जास्त झाली की बिअरचं व्हिनेगर होतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी पिंप भरून काढायचं. काठोकाठ."

"कशानं भरायचं?"

"वरच्या ओळीतल्या पिंपातून, नळीनं. पंप दिलाय."

पंप दिलेला होता हे खरं. तो खोक्यात होता आणि खोक्यावर इंद्रजितचा डबा ठेवायला चांगली जागा होती. नळी वरच्या पिंपात सोडायची, खालचं टोक तोंडात धरून एक दम ओढायचा, बिअर ओठाला लागली की अंगठा दाबायचा आणि टोक खालच्या पिंपात सोडायचं. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर रॉकेल असंच काढलं होतं, आणि रॉकेल बिअरपेक्षा वाईट लागतं. इंद्रजित स्वतः प्यायचा नाही. काढ्यासारखं कडू कशाला प्यायचं, असं त्याचं मत होतं. ओठाला लागलेलं तो बाहीनं पुसायचा आणि पुढच्या पिंपाकडं जायचा. दीड वर्षात एकशेवीस पिंपं त्यानं अशी अनेकदा भरली.

पदक आल्यावर सानिकानं ही चव कुठून आली ते शोधायला काढलं. तिनं भिंती खरवडल्या. छत खरवडलं. फरशीच्या फटीतली बेदाण्याची वीस वर्षांची धूळ काढली. पिंपांमागं राहणाऱ्या एका पालीच्या पाठीवरून कापसाचा बोळा फिरवला आणि तिला निर्दोष सोडलं. प्रत्येक नमुना 'नाक' नावाच्या यंत्रात जायचा. नाक म्हणजे टेबलावर मावणारं खोकं. वासातला एकेक रेणू वेगळा करायचं, त्यात कुठले जीवाणू, कुठलं यीस्ट आहे ते त्यांच्या जनुकांवरून ओळखायचं आणि पदकवाल्या बिअरशी किती मेळ बसतो ते टक्क्यांत सांगायचं. भिंतीचा मेळ चार आला. पालीचा दोन.

एका सकाळी सानिका हॉलमध्ये शिरली तेव्हा इंद्रजित पंचावन्न नंबरच्या पिंपाखाली उकिडवा बसला होता आणि नळी त्याच्या तोंडात होती.

"दादा."

त्याला बोलता येईना. बोलला असता तर बिअर सांडली असती. त्यानं हातानं थांबा अशी खूण केली, शांतपणे नळी पिंपात सोडली, बाही ओठांवर फिरवली आणि उभा राहिला.

"तुम्ही तोंडानं ओढता?"

"मग कशानं ओढायचं?"

"पंप दिलाय ना."

"त्याच्यावर डबा हाय."

सानिका बराच वेळ पिंपाकडं बघत राहिली. इंद्रजितनं मनात सामान बांधायला घेतलं. करवत, रंधा, पटाशी, आईचा फोटो, दोन पँटी. पण ती म्हणाली, "तोंड उघडा," आणि पर्समधून कापसाचा बोळा काढला.

मेळ सत्त्याण्णव आला.

प्रकार असा होता. माणसाच्या तोंडात सहा-सातशे जातींचे जीव राहतात. कुणाच्या तोंडात कोण राहणार हे तो काय खातो, आणि त्याहून जास्त, तो कुणाबरोबर राहतो यावर ठरतं. एका घरात राहणारी, एका ताटात जेवणारी, एकमेकांच्या पोरांचे मुके घेणारी माणसं सगळे जीव वाटून घेतात. वाटणी झाली की त्यातले दांडगे टिकतात, बुजरे मरतात. इंद्रजितच्या तोंडात एक बुजरं यीस्ट आणि त्याच्या आधारानं जगणारा एक आणखी बुजरा जीवाणू असे दोघे शिल्लक होते. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही तोंडात ते एव्हाना मेले असते. इथं मात्र वर्षानुवर्षं कुणी पाहुणाच आला नव्हता. ज्वारीची भाकरी, दही, ठेचा आणि शांतता एवढ्यावर ते दोघे निवांत होते. नळीतून ते पिंपात उतरले, रमच्या लाकडात घर केलं, आणि मग ती चव.

प्रयोगशाळेत त्यांना काचेत वाढवून बघितलं. आठ पिढ्यांत दोघेही सुस्तावले. बिअर साधी झाली, कुठल्याही बिअरसारखी. म्हणजे दर पंधरा दिवसांनी माल ताजाच हवा होता, मूळ ठिकाणाहून.

"म्हणजे मी रोज थुंकायचं?" इंद्रजितनं विचारलं.

"रोज नाही. नमुना रोज. बाकी तुम्ही जे करत होता तेच करायचं. नळी तोंडात."

"मग पंप?"

"पंप परत पाठवलाय."

सरकारी परवानगीच्या फॉर्ममध्ये 'सुतार' हा घटक कुठं लिहायचा यावर बरेच महिने गेले. शेवटी तो 'पारंपरिक प्रक्रिया' या सदरात बसला.

*

करार अकरा पानांचा होता. इंद्रजितनं एकट्यानंच राहायचं. दुसऱ्याच्या पेल्यातलं, ताटातलं, चमच्यातलं काही तोंडात घालायचं नाही. दात कडुलिंबाच्या काडीनं घासायचे, काडी एकाच झाडाची. कुणाशीही बोलताना बारा फुटांचं अंतर. सातव्या पानावर वकिलानं 'तोंडाचा तोंडाशी संपर्क' या विषयावर दोन परिच्छेद लिहिले होते. ते वाचताना सानिका खिडकीबाहेर बघत राहिली आणि इंद्रजित छताकडं.

"याला काही हरकत, दादा?"

"त्यात काय," तो म्हणाला. "हे तर चालूच हाय."

बदल्यात काय मिळालं, तर माणसं त्याची चौकशी करायला लागली. हे त्याला नवीन होतं. सकाळी सातला तो काचेच्या नळीत थुंकायचा, नाक आकडा सांगायचं, आणि सत्त्याण्णव म्हटलं की पुण्यातल्या ऑफिसात कुणीतरी सुटकेचा श्वास टाकायचं. झोप लागली का. पोट साफ झालं का. घसा बरा आहे ना. आई गेल्यापासून हे प्रश्न त्याला कुणी विचारले नव्हते. एकदा त्याला सर्दी झाली तर दोन डॉक्टर गाडी करून आले आणि बारा फुटांवरून काळजी करून गेले.

बाटलीवर त्याचा फोटो छापला. मुंबईत, बंगळुरात, कुठं कुठं ती बिअर जायची. तासगावच्या एसटी स्टँडवरची माणसं त्याला बघून हळू आवाजात म्हणायची, "त्योच की. आख्खं जग ह्येचं उष्टं पितंय."

हे खरंच होतं. एका वर्षात नव्वद हजार माणसांनी त्याचं उष्टं प्यायलं होतं. त्याला मात्र एकाचंही खायची परवानगी नव्हती.

तो एकटा राहतो ना, हे बघायला कंपनीनं एक माणूस नेमला. पद 'एकांत अधिकारी'. घोरपडे म्हणून निवृत्त हवालदार होते, त्यांना घेतलं. ते दिवसभर खोलीच्या दारापासून बारा फुटांवर खुर्ची टाकून बसायचे, इंद्रजित हॉलमध्ये गेला की खुर्ची उचलून मागून यायचे. त्यामुळं झालं असं की आयुष्यात पहिल्यांदा इंद्रजितला एकटं असं राहताच येईना.

"तुमची बायको काय करती वो हवालदार?" त्यानं एकदा लांबून विचारलं.

"गेली."

"माहेरी?"

"वर."

इंद्रजितनं रंध्यातला भुसा झटकला.

"मग तुमचाबी मेळ बघा की एकदा," इंद्रजित म्हणाला.

"बघितला," घोरपडे म्हणाले. "अकरा आला. मी तंबाखू खातो."

*

कराराच्या नवव्या पानाप्रमाणे जेवणही एकसारखं पाहिजे होतं. रोज त्याच ज्वारीची, त्याच जाडीची भाकरी, तेवढाच ठेचा, डाळीला तेवढंच पाणी. हे काम कांचन वाघमोडेला मिळालं. कांचन पूर्वी बेदाणा निवडायला जायची. मग निवडायचं काम कॅमेऱ्याच्या यंत्राकडं गेलं. एका मिनिटात ते वीस बायांचा बेदाणा निवडतं आणि मध्ये गप्पा मारत नाही. नवरा तिला सोडून इचलकरंजीला दुसरं घर करून राहिला होता. तिनं त्याचा उल्लेख कधी केला तर 'तो इचलकरंजीचा' एवढाच.

ती बाराला डबा घेऊन यायची, घोरपड्यांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर ठेवायची, मागं सरकायची. मग इंद्रजित पुढं येऊन डबा न्यायचा, मागं सरकायचा. त्या दोघांना बघून वाटायचं, जुना काहीतरी खेळ चाललाय आणि घोरपडे पंच आहेत.

"अहो सुतार, काल भाकरीची कड ठेवली ती?"

"कडक होती."

"दात पडले का काय?"

"दात कंपनीचे हायत. जपून वापरतोय."

ती हसली की तोंडावर पदर धरायची. तोंडावर मास्क असायचाच, तरी वरून पदर. इंद्रजितला सगळ्यांनी सांगितलं होतं, बाईमाणसाला ताई म्हणावं. तो तिला ताई म्हणाला नाही. कांचनबाईही म्हणाला नाही. तो नुसतं 'अहो' म्हणायचा, आणि बारा फुटांवरून ते घोरपड्यांना उद्देशून म्हटल्यासारखंही वाटायचं. दोनदा घोरपड्यांनी ओ दिली.

हळूहळू ती डबा ठेवून लगेच जाईना. तो जेवेपर्यंत उन्हात भिंतीला टेकून बसायची आणि गावातल्या बातम्या सांगायची. कुणाच्या द्राक्षावर करपा पडला, कुणाची सून ड्रोन चालवायला शिकली. इंद्रजित तिला पिंपांचं सांगायचा. पिंपाच्या तोंडाशी एक बारीक खिळा असतो. तो उपसला की बिअरची दोऱ्याएवढी धार येते, चव बघायची आणि खिळा परत ठोकायचा. त्याचे आजोबा बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवायचे, तापवून. पिंपाचे पट्टे तसेच असतात, तेवढेच घट्ट. चाक गावोगाव फिरतं, पिंप एका जागी बसतं, एवढाच फरक.

"तुम्ही पिंपासारखेच हाय," ती म्हणाली.

"म्हणजे कसं?"

"घट्ट. आणि आत काय चाललंय ते खिळा उपसल्याशिवाय कळत नाही."

घोरपड्यांनी खुर्ची दोन फूट मागं घेतली. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

*

पौषातल्या एका सोमवारी नाकानं चौऱ्याण्णव सांगितलं. मंगळवारी त्र्याण्णव. आठवडा संपता संपता एक्क्याण्णव. नव्वदच्या खाली गेलं की पिंप भरायचं नाही असा नियम होता. सानिका पुण्याहून आली. तिनं कडुलिंबाचं झाड तपासलं. पाणी तपासलं. घोरपड्यांची उलटतपासणी घेतली; ती त्यांना बरीच वर्षं मागं घेऊन गेली आणि ते खूश झाले. मग ती कांचनच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि म्हणाली, "तुम्ही रोज करता तसं करा. मी नुसती बघते."

कांचननं भाकरी थापली. डाळ शिजवली. डावानं थोडी डाळ तळहातावर घेतली, चाटली, मान हलवली, मीठ घातलं. पुन्हा डाव घातला. या वेळी हात पिठाचा होता म्हणून डावालाच जीभ लावली. मान हलवली. तोच डाव डाळीत घालून डब्यात डाळ वाढली.

"हे रोज करता?"

"काय?"

"डावाला तोंड."

"मीठ बघायला नको व्हय? अळणी घालू काय माणसाला?" मग तिच्या लक्षात आलं आणि ती खाली बसली. "पहिल्यांदा नव्हते बघत. आता एक महिना झाला. रोज तेच तेच जेवतोय बिचारा, म्हटलं निदान मीठ तरी बरोबर असूद्या."

सानिका कोल्ड स्टोरेजला परत आली आणि तिनं इंद्रजितला सांगितलं. ती शास्त्रज्ञ असल्यामुळं सरळ सांगितलं: महिनाभर, रोज, अमुक इतक्या लाख पेशी, कांचन वाघमोडेच्या तोंडातून तुमच्या तोंडात.

इंद्रजितनं हातातली पटाशी खाली ठेवली. तो गेला आणि साठ नंबरच्या पिंपामागं उभा राहिला. घोरपडे खुर्ची घेऊन मागून गेले, त्याच्याकडं बघितलं आणि खुर्ची उलटी फिरवून भिंतीकडं तोंड करून बसले. एक महिना. तो जेवणाला एकटा बसत होता असं सगळ्यांना वाटत होतं, त्यालाही. आणि तसं नव्हतंच.

*

"उपाय सोपा आहे," सानिका म्हणाली. "कांचनबाईंचा डबा बंद. पुण्याहून सीलबंद पाकिटं येतील, यंत्रानं केलेली. पंधरा दिवसांत तुम्ही पूर्ववत व्हाल. तुमची मूळ मंडळी अजून आहेत आत, दबलीयत फक्त."

"आणि ती?"

"त्यांना आपण बाटल्या धुवायच्या विभागात घेऊ. पण इकडं यायचं नाही. दादा, स्पष्ट बोलते. हा आकडा नव्वदच्या खाली गेला आणि तिथंच राहिला, तर ही बिअर संपली. परत होणार नाही. जगात कुठंच नाही. आणि तुम्हाला या हॉलमध्ये पाऊलही टाकता येणार नाही, कारण मग तुमचं तोंड म्हणजे पिंपांना रोग."

"किती दिवस असं राहायचं?"

"प्रयोगशाळेत जमेपर्यंत. पाच वर्षं. सात." तिनं हातातली वही मिटली. "मीपण एकटीच राहते पुण्यात. रात्री लॅपटॉपसमोर जेवते. माझा मेळ काढला होता मी. एकोणतीस. माझ्या एकटेपणाचं काहीच होत नाही. तुमच्या एकटेपणाचं निदान काहीतरी झालं."

हे ती चेष्टेनं बोलली नव्हती, आणि इंद्रजितला ते कळलं.

पाकिटं आली. डाळ चांगली होती, मीठ अचूक होतं. बारा वाजता स्टूल रिकामं असायचं. पाच दिवसांत आकडा त्र्याण्णव, दहा दिवसांत शहाण्णव. बाराव्या दिवशी सत्त्याण्णव झाला तेव्हा पुण्याच्या ऑफिसातल्या सगळ्यांनी स्क्रीनवर टाळ्या वाजवल्या. इंद्रजित त्या टाळ्या ऐकत उभा होता. त्याच्या तोंडातून एक माणूस पुसून काढला होता आणि लोक त्याचं अभिनंदन करत होते.

त्या दिवशी भरायची पाळी चौदा नंबरची होती. त्यानं नळी हातात घेतली, ओठापर्यंत नेली, आणि गुंडाळून खुंटीला अडकवली. पिंपाच्या पोटावरून हात फिरवला. हे पिंप आलं तेव्हा तीन फळ्या निसटलेल्या होत्या; त्या त्यानं बसवल्या होत्या. एकशेवीस पिंपांतल्या प्रत्येकाची खोड त्याला माहीत होती. कुठलं पहाटे कुरकुरतं, कुठलं पट्ट्यापाशी घाम सोडतं.

"हवालदार, मी बाहेर चाललोय."

"कुठं?"

"जेवायला."

घोरपड्यांनी घड्याळ बघितलं, वहीत वेळ लिहिली, आणि खुर्ची उचलली नाही. "मला गुडघेदुखी आहे," ते म्हणाले. "तुमच्या मागं पळवत नाही."

*

कांचनच्या दारात कोथिंबिरीच्या जुड्या वाळत पडल्या होत्या. तिनं त्याला बघितलं आणि आधी अंतर मोजलं. तो चार फुटांवर होता.

"मागं व्हा की. कॅमेरा असेल कुठंतरी."

"असूद्या."

"सुतार, येड्यासारखं करू नका. आख्ख्या जगात नाही अशी वस्तू हाय ती. पेपरात आलतं. माझ्यापायी जायला नको."

"तुमच्यापायी न्हाई जात. मी जेवाय आलोय, त्यानं जाणार हाय."

"आणि पिंपं? पोटच्या पोरासारखी केली ती?"

तो उंबऱ्यावर बसला. "लाकूड हाय. फुगतंय, आखडतंय. मला काय होतंय ते त्याला कळत न्हाई. मी लय दिवस समजत होतो की कळतंय."

ती उभीच राहिली. मग म्हणाली, "डाळ आज जरा खारट झालीय."

"चव बघितलीसा?"

"बघितली."

"मग वाढा."

तिनं मास्क काढला. इतक्या महिन्यांत त्यानं तिचं तोंड पहिल्यांदाच बघितलं. वरच्या ओठावर एक तीळ होता. तो त्याच्या कुठल्याच अंदाजात नव्हता.

*

आकडा आठ दिवसांत चौऱ्याऐंशीवर आला आणि महिन्यात एकसष्टवर. मग परत चढला नाही. सानिकानं आरडाओरडा केला नाही. ती आली, हॉलच्या किल्ल्या घेतल्या, आणि बारा फूट नव्हे, अगदी जवळ येऊन हात पुढं केला. इंद्रजितला हात मिळवायची सवय राहिली नव्हती. त्यानं नमस्कार केला.

कंपनीनं जाहिरात दिली, 'एकटा माणूस पाहिजे'. कमीत कमी पाच वर्षांचा एकटेपणा, तलाठ्याचा दाखला आवश्यक. अर्ज चार हजार आले. सांगली, सोलापूर, बेळगाव, एक तर थेट चंद्रपूरहून. मुलाखतीच्या दिवशी तासगावच्या रस्त्यावर दीड किलोमीटरची रांग लागली. सगळे एकटे. सकाळी सहाला कुणी कुणाशी बोलत नव्हतं. नऊपर्यंत ऊन तापलं, मग कुणीतरी कुणाला पाण्याची बाटली दिली. दहाला एका जोंधळखिंडीच्या माणसानं चिवड्याचं पुडकं सोडलं. अकरापर्यंत रांगेत पत्ते चालू होते, एका कपात तिघं चहा पीत होते, आणि दोघांनी ठरवलं होतं की सोबत खोली करू. नाकानं सगळ्यांना नापास केलं. घोरपडे दुसऱ्यांदा नापास झाले, पण संध्याकाळी ते पाच जणांना घेऊन रमी खेळायला घरी गेले.

ती बिअर नंतर झाली नाही. चौदा नंबरच्या पिंपातून आता जी निघते ती चांगली बिअर आहे. परीक्षकांनी लिहिलं, 'स्वच्छ, समतोल, गुळाचा वास.' पुढं काही लिहिलं नाही.

इंद्रजित आता लोकांच्या स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या करतो. प्लायवूड. त्याला वास नसतो, ते श्वासही घेत नाही. कधी कोल्ड स्टोरेजच्या रस्त्यानं जायची वेळ आली तर तो पहाटे जातो, भिंतीशी थांबतो. पिंपं आकसतात त्या वेळेला बारीक कुरकूर ऐकू येते, असं तो म्हणतो. भिंत दीड फूट जाड आहे.

इचलकरंजीच्यानं सोडचिठ्ठीवर सही केली, मग त्यानं आणि कांचननं रजिस्टर लग्न केलं. पहिले काही आठवडे दोघांना काय बोलावं ते सुचत नव्हतं. बारा फुटांवरून सुचायचं. आता मध्ये घोरपडे नव्हते. ती भिंतीला टेकून बसायची, तो दाराकडं तोंड करून जेवायचा. लवकर जेवायचा, मान खाली घालून, जेवण हे एक काम असल्यासारखं. ती बोलायची तेव्हा तो दचकायचा.

एका दुपारी ती त्याच्यासमोर जेवायला बसली. तिच्या ताटातली तळलेली मिरची संपली होती. बोलता बोलता, त्याच्याकडं न बघताच, तिनं हात लांब करून त्याच्या ताटातली मिरची घेतली.

इंद्रजितनं झटक्यात ताट मागं ओढलं.

तिचा हात तसाच हवेत राहिला. बोटांत मिरची. तो आपल्याच हाताकडं बघत होता, हे कुणी केलं असं विचारल्यासारखा. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू झाला, आवाज लांब लांब जात संपला.

मग त्यानं ताट पुढं सरकवलं. होतं तिथपर्यंत, आणि आणखी दोन बोटं तिच्या बाजूला.

हातातली मिरची तिनं खाल्ली, आणि थोड्या वेळानं दुसरी घेतली.